अर्जदारास वाचून दाखविला

अण्णा,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आजही आठवण आली म्हणून लिहीत नाही. मागच्या आठवड्यात मानवतजवळच्या एका जिनिंगवर मी कामाला गेले होते. तिथे भेटलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली आणि बारा वर्षांपूर्वी मी बंद केलेलं प्रकरण मला पुन्हा उघडावं लागलं. तुमचा नियम होता की अर्जदाराने मागणी आधी सांगावी, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जात नाही. माझी मागणी काहीच नाही. जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने मला एकदा लिहायचं आहे, कारण कॉलेजच्या समितीपुढे मी ते तसं मांडलं नव्हतं, आणि हे तुम्हाला आणि मला सोडून कुणालाही माहीत नाही.

मी आता भुईकाटे तपासते. कापसाचा टेम्पो मालासकट ज्याच्यावर उभा करतात तो मोठा काटा. हंगामाच्या आधी सेलू, मानवत, परभणी असं माझं फिरणं असतं. प्लॅटफॉर्मच्या खाली चारी कोपऱ्यांत भार मोजणारे सेल असतात. त्यातला एक जरी हलकं दाखवायला लागला तरी वर उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही, कारण आकडा ठळक आणि स्वच्छ दिसत असतो. मी प्रमाणित वजनं एकेका कोपऱ्यावर ठेवते आणि चूक किती, कोणत्या कोपऱ्यात, हे लिहून देते. ती कुणी केली हे लिहायचं नसतं. हे काम मला मिळालं ते इंजिनिअरिंगच्या पदवीमुळे. ती पदवी मला मिळू नये असा एक अर्ज तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिला होता.

तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमची जागा डावीकडून दुसरी होती. उतरतं मेज, त्याच्यावर कार्बन, शाईचा पॅड आणि तुमचा परवाना क्रमांक असलेला रबरी शिक्का. तालुक्यात पाच अर्जनवीस होते, पण लोक तुमच्यासाठी थांबत. बाकीच्या चौघांपुढे बाकडी रिकामी असायची आणि तुमच्यापुढे माणसं उभी. शाळेच्या सुट्टीत मी तुमच्या मागे पोत्यावर बसून अभ्यास करायची आणि ऐकायची. शेताचा बांध, वारसाची नोंद, सासऱ्याने हाकललेली सून, सगळं तुमच्याकडे येऊन तीन परिच्छेदांत बसायचं. डावीकडे चार बोटं समास. पहिल्यात कोण, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात काय पाहिजे. एक बाई सांगता सांगता रडायला लागली तर तुम्ही पेन खाली ठेवलं आणि म्हणालात, "रडून घ्या मावशी, म्या थांबतो. पर अर्जात रडायचं न्हाई. सायबाला रडणं वाचायला येळ नसतो." नंतर तिला पूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवलात, तिने मान हलवल्यावर अंगठा घेतलात आणि खाली तुमची नेहमीची ओळ लिहिलीत: सदर अर्ज अर्जदारास वाचून दाखविला, मजकूर बरोबर असल्याचे सांगितल्यावरून सही अगर अंगठा घेतला. मग तारीख, तुमची सही, शिक्का. ती ओळ तुम्ही वकिलाच्या अर्जाखालीसुद्धा लिहायचात. तो हसायचा. तुम्ही हसायचा नाहीत. तीस वर्षांत तुमचा एकही अर्ज त्रुटी लावून परत आला नाही, हे तुम्ही घरी वर्षातून दोनदा तरी सांगायचात.

आणखी एक गोष्ट शेडमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलायचं नाही. लांबच्या खेड्यातली माणसं तुमच्यापाशी सही केलेले कोरे कागद ठेवून जात. दरवेळी एका सहीसाठी दिवस मोडायला नको म्हणून. तारीख पडली, काही लेखी द्यायची वेळ आली, की निरोप यायचा आणि तुम्ही त्या कागदावर लिहून द्यायचात. हा रिवाज तुमच्या आधीपासूनचा, निजामाच्या वेळेपासूनचा असेल. परवान्याच्या अटींमध्ये तो बसत नव्हता. सही केलेला कोरा कागद अर्जनवीसाकडे सापडला तर त्याचं दुकान उठतं, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. ते कागद लाल फडक्यात बांधून घरच्या लोखंडी पेटीत असायचे.

माझे चार होते. बारावीनंतर परभणीच्या अलीकडच्या त्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला, मी वसतिगृहात जायला निघाले, तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर ठेवून तुम्ही माझ्या सह्या घेतल्यात. शिष्यवृत्ती, जातीची पडताळणी, काहीतरी निघत राहील म्हणालात. "तू तिकडं, म्या हिकडं. सहीसाठी येस्टीनं किती येळा येणार?" मी न बघता चार सह्या केल्या. आई म्हणाली, कोऱ्या कागदावर कशाला. तुम्ही म्हणालात, माझीच पोरगी हाय. 

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा माझे इतके विषय राहिलेले दाखवले होते की त्यातला एक जरी सुटला तरी मला दुसऱ्या वर्षात बसता आलं असतं, आणि नाही सुटला तर वर्ष वाया. गणितात मी नापास होणं शक्य नव्हतं. मी काय सोडवलं ते मला ओळीनिशी आठवत होतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. चौथ्या प्रश्नाचे गुण आतल्या पानावर होते, पहिल्या पानावरच्या बेरजेत आलेच नव्हते. मी ती दोन्ही पानं तुमच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं. तुम्ही आतलं पान पाहिलंच नाहीत. गुणपत्रिकेवर बोट ठेवलंत. "ह्याच्यावर विद्यापीठाचा शिक्का हाय. शिक्का मारायच्या आधी चार माणसं बघत असतेत. त्या चौघांपेक्षा तू शानी?" शेजारच्या अर्जनवीसाने मान वर केली. मी तुम्हाला म्हणाले, अण्णा, बेरीज तुम्ही स्वतः करून बघा, पाच आकडे आहेत. तुम्ही पुढच्या माणसाला बोलावलंत. 

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने विद्यापीठाला गेले आणि पुनर्मूल्यांकनाच्या रांगेत उभी राहिले. दुपारी पोचपावती मिळाली, तिच्यावर त्या दिवसाचा शिक्का. संध्याकाळी घरी आले. तुम्ही जेवत होतात. काय झालं असं विचारलं नाहीत. मला वाटलं, रागात आहात. पुढचे तीन आठवडे आपण एका पंगतीला जेवलो. तुम्ही मला लोणचं पुढे केलंत, पेपरातली बातमी वाचून दाखवलीत, एकदा माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला का म्हणून विचारलंत.

तीन आठवड्यांनी नवी गुणपत्रिका आली. गणित सुटलं होतं. मी ती घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या ताईंनी रजिस्टर उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे. "अगं, तुझं नाव तर कमी झालंय की. तुझे वडील येऊन टीसी घिऊन गेले." त्या पुढे म्हणाल्या, "लय चांगला अर्ज होता. मी तर दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवायलेय." त्यांना वाटलं असावं की मला बरं वाटेल. पुन्हा प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपली होती. आता प्राचार्यांच्या समितीकडे अर्ज करायचा, सबळ कारण दाखवायचं आणि समिती काय म्हणेल ते. 

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी नवी गुणपत्रिका तुमच्यासमोर ठेवली. ती तुम्ही उचललीत, शिक्का पाहिलात, आणि हा शिक्का तुम्हाला लगेच पटला. "बरं झालं," असं म्हणालात. मी विचारलं, माझं नाव का काढलं? तुमचा आवाज चढला नाही. "नापास म्हणून राहिलेली पोरगी अन् घरगुती कारणानं थांबलेली पोरगी, ह्यात लय फरक हाय. म्या तुझा कागद साफ ठेवला. उद्या कुणी काढून बघितला तर त्याच्यावर नापास लिव्हलेलं दिसणार न्हाई." मी म्हणाले, मी नापास नाही. तुम्ही म्हणालात, "तवा व्हतीस." 

तुम्हाला माझी लाज वाटली नव्हती, अण्णा. अर्जनवीसाच्या घरात त्रुटीचा कागद आला होता, आणि तो कुणी बघण्याआधी तुम्हाला निकालात काढायचा होता. मी त्या कागदाबरोबर गेले.

मी म्हणाले, आता परत घेण्याचा अर्ज तुम्हीच लिहून द्या. ही विनंती करताना मला किती जड गेलं ते मी लिहीत नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "एकदा ज्याचा अर्ज लिव्हला त्याच्याविरुद्ध म्या लिव्हत नसतो. धंद्याचा नियम हाय." मी म्हणाले, अर्जदार मीच आहे, आणि विरुद्धही मीच आहे. तुम्ही थोडा विचार केलात, खरोखर केलात, आणि म्हणालात, तरी पण. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुमी बापलेक कागदावर काय भांडायचं ते भांडा. माझ्या चुलीपाशी न्हाई." 

म्हणून मी लिहिला. पहिला सात पानांचा झाला, त्यात मी रडले होते. तो फाडला. दुसरा एका पानाचा. डावीकडे चार बोटं. कोण, काय झालं, काय पाहिजे. मी तुमच्या मागे पोत्यावर बसून जे ऐकलं होतं ते सगळं त्यात वापरलं, आणि तो तुमच्याविरुद्ध होता. ताईंनी तो घेतला पण म्हणाल्या, तू स्वतःच सही करून नाव काढलंस, आता काय सांगणार? मी जुना अर्ज बघायला मागितला. फाईल उघडली. अक्षर तुमचं, तीन परिच्छेद, कुठे खाडाखोड नाही. आणि खाली ती ओळ. सदर अर्ज अर्जदारास वाचून दाखविला. मग तारीख, तुमची सही, शिक्का. ज्या मुलीच्या नकळत तिचं नाव काढायला निघाला होतात तिच्या अर्जाखालीसुद्धा हात थांबला नाही तुमचा. दुसऱ्या कुणीही असा अर्ज लिहिला असता तर मुलीचं अक्षर काढण्याचा प्रयत्न केला असता, निदान स्वतःचं नाव तरी लपवलं असतं. तुम्ही परवाना क्रमांकासकट सगळं ठेवलंत. ती तारीख मी वाचली. त्या दिवशी मी विद्यापीठाच्या रांगेत होते आणि माझ्याकडे शिक्क्याची पावती होती. त्या खिडकीत उभी असताना मला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे.

सुनावणीला पालक म्हणून तुम्हालाही पत्र गेलं. आपण एकाच एसटीने गेलो. तुम्ही पुढच्या बाकावर बसलात, मी मागच्या. परभणीला उतरून एक रिक्षा केली आणि त्यात आपण कॉलेजपर्यंत गेलो, कारण वेगळी करायला तसं कारण नव्हतं. 

प्राचार्यांची खोली. ते मधे बसलेत, दोन बाजूंना दोन प्राध्यापक, टेबलाच्या टोकाला कार्यालयाचे अधीक्षक फाईल घेऊन. तुम्ही पांढरा शर्ट घातला आहे, खिशात दोन पेनं. मी तारखेचं सांगते, पावती ठेवते. प्राध्यापक ती हातात घेतात, एकमेकांकडे देतात. अधीक्षक म्हातारे आहेत, त्यांनी असे पुष्कळ अर्ज पाहिलेत. ते म्हणतात, वाचून दाखवलं नसेल, मान्य. पण सही? कुणी कोऱ्या कागदावर सही करून दिली असेल तर ती देणाऱ्याची जबाबदारी. मग ते मला सरळ विचारतात, "ही सही तुमची आहे का?"

ती माझी आहे. पाटावर केलेली, पहिलं अक्षर जरा मोठं. हो म्हटलं तर माझं वर्ष तिथेच संपतं, हे त्यांनी आत्ताच सांगितलं आहे. आणि एक गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी नाही म्हटलं तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. ही खोटं बोलते असं म्हणायचं तर कोऱ्या कागदाचं सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की लाल फडकं उघडलं. गप्प बसलात तर सही तुम्ही केली असं होईल. ते तुम्ही सांगणार नाही, म्हणजे माझं काम होतं. हे मी एसटीत, तुमच्या मानेकडे बघत, पूर्ण तपासून घेतलेलं आहे.

मी म्हणते, "नाही. माझी नाही."

प्राचार्य तुमच्याकडे वळतात. तुम्ही कागद मागून घेता. वरपासून खालपर्यंत वाचता, लिहून झालेला अर्ज वाचावा तसा. म्हणता, "अर्ज म्याच लिव्हला. वाचून दाखवला न्हाई. तेवढी ओळ चुकीची हाय." ते विचारतात, आणि सही? तुम्ही कागद पुन्हा वरपासून बघता. ते पुन्हा विचारतात, सही कुणाची, ते सांगा. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. कागद टेबलावर ठेवता, त्याच्या कडा टेबलाच्या कडेला जुळवता.

"ती म्हणती तसं लिव्हून घ्या."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी त्यात तुमचा मोठेपणा पाहिला असता. मला त्यात मोठेपणा दिसत नाही. तुम्ही दिवसातून वीस वेळा ते म्हणायचात. नवरा म्हणे एक, बायको म्हणे दुसरं, तुम्ही म्हणायचात, तुमी म्हणता तसं लिव्हतो. धंद्यातलं वाक्य होतं ते. मी मेजावर बेरीज मांडली होती तेव्हा मुलीचं म्हणणं तुम्ही ऐकायला हवं होतं, तेव्हा फक्त पाच आकडे होते.

मला परत घेतलं. आठ दिवसांनी निर्णयाची नक्कल मिळाली. त्यात लिहिलं होतं की पालकाने विद्यार्थिनीच्या नावे परस्पर अर्ज करून तिची सही केल्याचे दिसते. तिथे थांबता आलं असतं. मी ती नक्कल घेऊन आपल्या कचेरीत गेले आणि आवक विभागात तुमच्या परवान्याविरुद्ध तक्रार दिली. तुम्ही चाळीस पावलांवर शेडमध्ये बसला होतात. मी आत जाताना तुम्ही पाहिलंत, बाहेर येताना पाहिलंत, आणि समोरच्या माणसाचा अर्ज लिहीत राहिलात. पंधरा दिवसांत तुम्हाला खुलासा मागणारी नोटीस आली, सोबत माझ्या तक्रारीची प्रत. ती तुम्ही घरी जेवणानंतर वाचलीत. मी समोरच होते. शेवटपर्यंत वाचून घडी घातलीत आणि म्हणालात, "दुसऱ्या परिच्छेदात 'सबब' हा शब्द नको व्हता. तिसऱ्यात, मागणीच्या आधी पाहिजे." बास. खुलासा तुम्ही दिलाच नाहीत. मुदत गेली, परवाना रद्द झाला, डावीकडून दुसऱ्या जागेवर कुणीतरी झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं.

पुढची तीन वर्षं तुम्ही घरी होतात. मी सुट्टीत यायची. तुम्ही बऱ्याचदा नसायचात, आई सांगायची गावाला गेलेत. कोणत्या गावाला हे मी विचारलं नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत.

या सगळ्या काळात मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. की तुम्ही ते कोरे कागद असेच वापरत असणार. माझ्याबाबतीत केलंत तसं इतरांच्या बाबतीतही कधीतरी केलं असणार, कुणाचा तरी बांध, कुणाची तरी वाटणी. म्हणजे मी सहीबद्दल खोटं बोलले तरी एकंदरीत ते खोटं ठरत नाही. चुकीच्या काट्यावर कुणीतरी बोट ठेवायला हवं होतं, ते मी ठेवलं. हे बारा वर्षं नीट चाललं.

मागच्या आठवड्यात मानवतजवळ मी काटा तपासत होते. एक म्हातारा शेतकरी टेम्पोच्या सावलीत बसला होता, त्याचा नंबर यायचा होता. माझं आडनाव त्याने कुणाकडून तरी ऐकलं असणार. मला म्हणाला, "बाई, तू आपल्या अर्जनवीसाची का?" मी हो म्हणाले. तो उठून उभा राहिला. बापाच्या नावाने कुणी माझ्यासाठी उठावं असं मला वाटत नाही, मी बसा म्हणाले. तो बसला नाही. त्याने सांगितलं की तुमचा परवाना गेल्यावर तुम्ही लाल फडकं घेऊन एसटीने त्याच्या गावाला गेला होतात. त्याच्याच नाही, चाळीसेक गावांना. प्रत्येकाचे कागद प्रत्येकाच्या हातात दिलेत, मोजून घ्यायला लावलेत आणि तुमच्यासमोर फाडायला लावलेत. कुणी वारलं असेल तर पोराच्या हातात. "माझे तीन कागद सात वर्षं त्यांच्यापाशी व्हते. तीनचे तीन आले. मला इच्यारल्याबिगर कधी एक रेघ वढली न्हाई त्याच्यावर. असा माणूस व्हणार न्हाई बाई." मी त्याला पुढच्या टेम्पोकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्या दिवशीचं काम मी पूर्ण केलं, तिसऱ्या कोपऱ्यातला सेल हलकं दाखवत होता, ते लिहून दिलं. 

तर तुम्ही दुसऱ्या कुणाचाच कागद तसा वापरला नव्हता. चाळीस गावं, तीस वर्षं, आणि त्यातून एक कागद तुम्ही विचारल्याशिवाय भरलात. माझा. परक्या माणसाला तुम्ही सात वर्षं विचारत राहिलात आणि मला विचारायला तुम्हाला संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबता आलं नाही. मी त्याच दिवशी संध्याकाळी घरीच येणार होते. मला वाटलं होतं की हे ऐकून माझा राग उतरेल. म्हातारा ज्या पद्धतीने उभा राहिला त्यावरून कुणाचाही उतरला असता. माझा वाढला. आणखी एक. सगळ्यांचे कागद तुम्ही घरोघरी जाऊन परत केलेत. माझे उरलेले तीन तुम्ही मला दिले नाहीत. मी त्याच घरात जेवत होते. तुम्ही गेल्यावर पेटीच्या तळाशी ते मला सापडले, तिन्ही कोरे, पहिलं अक्षर जरा मोठं. ते तुम्ही का ठेवले होते हे मला माहीत नाही आणि मी त्यावर अंदाज बांधणार नाही. मी ते फाडले.

इथपर्यंतचं सगळं मी पुन्हा करीन. समितीपुढे पुन्हा नाही म्हणेन. तक्रारही देईन, फक्त सबब तिसऱ्या परिच्छेदात लिहीन. ज्या माणसाला आपली मुलगी आणि एक शिक्का यात शिक्का खरा वाटला, त्याला त्याच्याच शिक्क्याने घालवलं, यात मला आजही चूक सापडत नाही, आणि चूक शोधणं हे माझं काम आहे.

एक गोष्ट राहिली. तुम्ही गेल्यावर मृत्यूची नोंद करायला मी गेले होते. फॉर्ममध्ये मृताचा व्यवसाय असा रकाना आहे. मी त्यात निरंक, म्हणजे काही नाही, असं लिहिलं. खिडकीतल्या माणसाने तुमचं नाव वाचून मान वर केली. म्हणाला, "अर्जनवीस होते ना हे? माझ्या बापाचा फेरफार ह्यांनीच लिहिला होता." मी म्हणाले, परवाना नव्हता. हे अक्षरशः खरं होतं. त्याने शिक्का मारला. आईने घरी विचारलं, काय काय लिहिलंस, मी म्हणाले, विचारलं होतं ते. तो दाखला अजून तसाच आहे. दुरुस्तीसाठी एक साधा अर्ज लागतो. मी तो दिलेला नाही.

सहीबद्दल खोटं बोलले तेव्हा माझं वर्ष पणाला लागलं होतं. त्या रकान्यात निरंक लिहिण्यात माझं काहीच पणाला नव्हतं, तुम्ही ते वाचणारही नव्हतात. लिहिताना मला बरं वाटलं, म्हणून लिहिलं. रिक्षा घराच्या गल्लीत वळेपर्यंत ते बरं वाटणं संपलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठे जाणार नाही.